पपनसाबद्दल एक दुरुस्ती

सकाळी उपाशीपोटी तुम्ही काय पिता? कोमट पाण्यात लिंबू? आवळ्याचा रस? जांभळाच्या बियांची पूड, की कुणा नातेवाइकानं मायेनं बाटलीत भरून दिलेला कसला तरी अर्क? काहीतरी पितच असाल; आपल्याकडे न पिणारं घर सापडणं कठीण. आता खरा प्रश्न विचारते. तुम्हाला गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत आहे का?

माझ्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. मी लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही, एवढंच. फळाचा रस तो, त्यात काय सांगायचं?

मी बत्तीस वर्षांची आहे. माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत बारीक जाळी बसवलेली आहे. आता मी चांगली आहे, भाषणं ठोकते, भांडते, जिने चढते. माझ्यावर गुदरलं ते सांगतेच आहे, पण या सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तो माझ्यासाठी नव्हे, माझ्या बाबांसाठी. तेही ओघानं येईल.

पायऱ्या

बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे त्रिरश्मी लेण्यांवर जातो. नाशिक शहर त्यांना पांडवलेणी म्हणतं आणि बाबा दर वर्षी पायथ्याशी कुणाला तरी थांबवून ते नाव दुरुस्त करून देतात. गेल्या वर्षीही त्यांनी एका जोडप्याला गाठलं होतं. मी कंटाळून पुढे निघाले. अर्ध्या वाटेवर छातीला कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं झालं. मग जबडा दुखायला लागला. जबडा! मला वाटलं, दाढ.

मी कठड्यावर बसले. बाबा आले. "पित्त असणार. उपाशी निघालीस ना?"

आईनं माझ्या कपाळाला हात लावला. हात ओला झाला. "हे पित्त नाही," ती म्हणाली आणि बाबांकडे न बघता रिक्षा बघायला खाली उतरू लागली.

तपासणीच्या खोलीत छातीला चिकटवलेल्या वायरी, मशीनमधून सरकत येणारा कागद आणि त्या कागदाकडे बघताना डॉक्टर मॅडमचा बदललेला चेहरा, एवढंच त्या दिवसातलं स्पष्ट आठवतं. रक्ताचा अहवाल आला तेव्हा प्रयोगशाळेनं तपासणी पुन्हा केली होती, कारण कोलेस्टेरॉलचा आकडा त्यांनाच खरा वाटेना.

"तूप, मटण, बाहेरचं खाणं?" मॅडमनी विचारलं.

"आमच्याकडे भाकरी आणि भाजी," आई म्हणाली. "आणि हिचं तोंड. तेच जरा तिखट."

मॅडम हसल्या नाहीत. त्या बाबांकडे बघत होत्या. "काका, डोळ्यांच्या कडेला हे पिवळे ठिपके कधीपासून?"

"ती आमच्या घराण्याची खूण आहे," बाबा म्हणाले. "माझ्या बहिणीला आहेत. वडिलांनाही होते."

"वडील कशानं गेले?"

"झोपेत. चाळिशीही धड उलटली नव्हती. लोक म्हणाले, भाग्यवान, हालहाल झाले नाहीत."

बोलता बोलता बाबा थांबले. आपण इतकी वर्षं काय सांगत आलो, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मॅडमनी समजावलं ते असं: काही घरांत चढं कोलेस्टेरॉल आईबापांकडून रक्तातूनच येतं. जन्मापासून साचत राहतं. बारीक असा, जाड असा, भाकरी खा की तूप खा. "तुमच्या घरातल्या प्रत्येक रक्ताच्या माणसाची तपासणी करायची," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्यापासून सुरुवात."

हृदयरोग हा खाऊनपिऊन सुस्तावलेल्या शेठ लोकांचा आजार, असं मी एका लेखात थाटात लिहून टाकलं होतं. तो लेख आठवला आणि त्याही अवस्थेत लाज वाटली.

उजवा हात

जाळी बसवली मनगटातून. उजव्या. आत नेण्याआधी ढकलगाडीवर मला बराच वेळ थांबवून ठेवलं होतं. खोली थंडगार. छताकडे बघत मी एखादी घोषणा आठवायचा प्रयत्न केला. लहानपणापासून मोर्चात चालले आहे, शेकडो पाठ आहेत. एकही आठवेना. आठवला तो आईच्या साडीला येणारा कढीपत्त्याचा वास. भीती माणसाला फार साधं करून टाकते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नंतर उजव्या हातानं काही उचलायचं नाही, लिहायचं नाही अशी सक्त ताकीद. सकाळी बिनमिठाचा उपमा, मग रक्त, मग फेरी, मग भेटणाऱ्यांची वेळ. शेजारच्या खाटेवर सिन्नरच्या एक आजी होत्या. त्यांचं रोजचं पहिलं वाक्य ठरलेलं: "कोण गं तू एवढीशी? कुणाच्या वाटणीचं दुखणं घेऊन आलीस?" वॉर्डातल्या मावशींनी मला एका हातानं केसांशी झगडताना बघितलं आणि न विचारता केस विंचरून दोन घट्ट वेण्या घातल्या, रिबिनीऐवजी पट्टीच्या कापडानं बांधून. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच कुणी माझ्या वेण्या घातल्या होत्या. त्या दिवशी मी रडले, आणि ते रडणं चांगलं होतं.

छापलेलं

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं, संध्याकाळी पत्रकं. अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाण्याच्या टाकीसाठी, वाचनालयासाठी. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालताना. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत असं एक दार नसेल जिथं बाबांचं पत्रक गेलेलं नाही. आणि बाबांचा एक नियम होता: पत्रकात चूक गेली तर दुरुस्तीचं पत्रक काढायचं, आणि ज्या हातांनी पहिलं वाटलं त्याच हातांनी, त्याच दारांत जाऊन द्यायचं. एकदा सभेची वेळ चुकली म्हणून आम्ही भर उन्हात अख्खी कॉलनी पुन्हा फिरलो होतो. माझी पावलं पोळली होती. "पोळू दे," बाबा म्हणाले होते. "सभेला येऊन परत गेलेल्या माणसाचीही पोळलीच असती."

अशा घरात बुवा-बाबाला थारा नाही. ताईत आला तर पायपुसण्यावरच अडतो. पण आमच्या घराला आत शिरायला दुसरं एक दार होतं, आणि ते सताड उघडं होतं.

बाबांची तपासणी झाली. आकडा माझ्याइतका नाही, पण चांगलाच चढा. मॅडमनी त्यांनाही गोळी लिहून दिली.

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"कायम."

"म्हणजे कायमचं गिऱ्हाईक!"

असलं वाक्य कुणी व्यासपीठावर म्हटलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. औषध कंपन्यांच्या नफ्यावर मी स्वतः लिहिलेलं आहे आणि त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण समोर बाबा होते, डोळ्यांच्या कडेला पिवळे ठिपके घेऊन, आणि त्यांचे वडील चाळिशीत झोपेत गेले होते.

"बाबा, घ्या ना. माझ्यासाठी."

"तू घे. तुला जाळी आहे. मला काय झालंय?"

"होण्याआधी घ्यायची असते ती!" आई आतून ओरडली.

"भीती घालूनच विकतात," बाबा म्हणाले आणि विषय संपवला.

त्याच सुमारास कळवणहून आत्या आली. मला बघायला. येताना पोतं भरून पपनसं घेऊन. तिच्या विहिरीजवळ झाड आहे, नारळाएवढी फळं धरतं. "लय गुणाचं झाड हाय," ती म्हणाली. "रस काढ अन् रोज पी. समद्या नळ्या धुऊन निघतात. आमच्याकडं समदे पितात."

बाबांना तेच हवं होतं. बाजारचं नाही, कंपनीचं नाही, पेटंट नाही, बहिणीच्या विहिरीजवळचं. अंगाऱ्याला हसणाऱ्या माणसाला फळानं जिंकलं, कारण फळ गरिबाच्या बाजूचं होतं. आमच्या घरानं केलेली चूक ही अशी. दुसऱ्या कुणाच्या घरात ती झाली नसती.

ते वाचायला बसले. मोबाइलवर जे सापडेल ते: आवळा, डाळिंब, द्राक्षाच्या बिया, जांभूळ, लिंबूवर्गातली फळं. मग पत्रक लिहिलं. ‘रक्तवाहिन्या स्वच्छ ठेवणारे फळांचे अर्क: लोकांचं औषध, लोकांच्या हाती.’ भाषा सुंदर होती. खोटं सांगत नाही, वाचून मलाही पटलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या संध्याकाळी विहारासमोर आम्ही दोघांनी ते वाटलं. लोक घडी करून खिशात ठेवत होते. बाबांचं पत्रक कुणी फेकत नाही.

मी माझी गोळी घेत होते आणि सकाळ-संध्याकाळ पेलाभर पपनसाचा रस पीत होते. बाबा नुसता रस.

मांड्या

दिवाळीच्या आसपास माझ्या मांड्या दुखायला लागल्या. आधी वाटलं, साफसफाईनं. मग पाण्याची बादली उचलेना. मग खुर्चीवरून उठताना हातांचा आधार लागायला लागला. स्नायूंत कुणी वाळू भरल्यासारखं जड.

गोळीच्या पाकिटातल्या बारीक अक्षरांत हे लिहिलेलं होतं. बाबांनी भिंग लावून ते शोधून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, खरोखरची काळजी होती. म्हणूनच ते जास्त धोक्याचं होतं.

"पोरी, बंद कर ही गोळी. रस पुरे आहे."

"अहो, मुलीच्या काळजात जाळी आहे!" आई म्हणाली. "तिथं प्रयोग करताय?"

"प्रयोग कंपनी करतेय!"

"मग कंपनीला विचारा. नाहीतर डॉक्टरला विचारा. भिंगाला विचारून काय होणार?"

आईनं चळवळीतलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. त्या दिवशी घरात शुद्धीवर असलेली ती एकटीच होती. दुखणं इतकं होतं की मी गोळी सोडायच्या बेतात होते. आईच्या भीतीनं आधी डॉक्टरकडे गेले. बाबा वाद घालायला सोबत आले, खिशात पत्रकाची प्रत घेऊन.

मॅडम

मॅडमनी माझी मांडी दाबून बघितली, रक्त तपासायला पाठवलं आणि मग विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? चूर्ण, काढा, रस, काहीही."

बाबांनी पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. "हे."

त्यांनी ते वाचलं. वरवर नाही, पेन हातात घेऊन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बाहेर रांग होती तरी.

"काका, लिहिलंय छान," त्या म्हणाल्या. "आवळा, डाळिंब यांच्यावर छोटे प्रयोग झालेले आहेत. कुणाला थोडा फायदा दिसतो, कुणाला नाही. ज्याचं कोलेस्टेरॉल जरासं वर आहे त्यानं फळं खावीत, चालावं, उत्तम. पण तुमच्या घरात ते रक्तातून आलंय. ते आवळ्याचं ऐकणार नाही."

"म्हणजे फळात काही नाही?"

"उलट! फळात बरंच काही आहे, म्हणून तर हे झालं." त्यांनी पपनस या शब्दाभोवती गोल केला. "ग्रेपफ्रूट ऐकलंय? पपनस त्याचंच भावंड. यांच्या रसामुळे काही गोळ्या शरीरातून वेळेवर बाहेर पडत नाहीत, साचत जातात. हिची गोळी त्यातली आहे. मी एक लिहिली होती. हिच्या अंगात एकापेक्षा जास्त साचत होती. मांड्या त्यानं दुखतायत, असं मला वाटतं. वेळेत आलात."

बाबांनी शब्दाभोवतीचा तो गोल बघितला. मग हळूच म्हणाले, "आणि कंपनी?"

"कंपनीशी भांडा की. मीही भांडते. ही गोळी स्वस्त जेनेरिकमध्ये मिळते, तीच घ्या. पण काका, भांडायला माणूस लागतो." मग त्यांनी पत्रक उलटं करून बघितलं. "हे कुठं कुठं वाटलंत?"

"सगळीकडे," बाबा म्हणाले.

रस बंद. माझी गोळी काही दिवस थांबवायची आणि मग दुसरी सुरू करायची, जिचं पपनसाशी वाकडं नाही. बाबांनाही तीच लिहून दिली. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. घेईन म्हणाले नाहीत. नाही घेत, असंही म्हणाले नाहीत. 

घरी येताच आईनं खिशातून चिठ्ठी काढून घेतली आणि चप्पल घालून औषधाच्या दुकानात गेली.

सही

बाबा जेवल्याबरोबर कागद घेऊन बसले. मला माहीत होतं काय चाललंय. मजकूर लिहून झाला की ते मला वाचून दाखवतात. ती आमची जुनी पद्धत.

"‘आमच्या आधीच्या पत्रकात पपनसाच्या रसाबद्दल जे लिहिलं ते अपुरं आणि म्हणून धोक्याचं होतं,’" त्यांनी वाचलं. "‘माझ्या मुलीला त्याचा त्रास झाला. हृदयाची, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची किंवा कुठलीही रोजची गोळी चालू असेल, तर फळाचा अर्क किंवा रस नेमानं घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. पत्रक वाचून कुणीही गोळी बंद करू नये. मी स्वतः…’"

ते थांबले. पेन कागदावर टेकलेलं.

"इथं काय लिहू?"

"जे खरं असेल ते," मी म्हणाले. आणखी एक शब्द बोलले असते तर वाद झाला असता, आणि वादात बाबा हरत नाहीत. मी जीभ चावून बसले. माझ्यासारखीला ते जाळी बसवून घेण्याइतकंच अवघड होतं.

बराच वेळ ते त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. लोकांना गोळी सोडू नका म्हणायचं आणि आपण गोळी घ्यायची नाही, अशा कागदाखाली बाबांनी आयुष्यात सही केलेली नाही. ते उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"जरा पाणी दे."

"आत्ताच तर प्यालात," आई म्हणाली.

"गोळीला."

आईनं हात पुसले. पेला दिला, पट्टीतून गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ते गिळेपर्यंत तिथून हलली नाही. मग भांडी घासायला वळली. भांड्यांचा आवाज त्या दिवशी जरा जास्तच मोठा येत होता.

बाबा परत आले आणि वाक्य पुरं केलं: ‘मी स्वतः आजपासून गोळी सुरू केली आहे.’ खाली सही.

त्याच दारांत

दुरुस्तीचं पत्रक आम्ही दोघांनी वाटलं. मांड्या सुधारत होत्या, तरी मी जिन्यांना कठडा धरून चढत होते. बाबा प्रत्येक मजल्यावर माझ्यासाठी थांबायचे आणि मी येईपर्यंत बेल वाजवायचे नाहीत.

"भाऊ, तेव्हा म्हणालात प्या, आता म्हणता नका पिऊ," शेजारच्या काकू म्हणाल्या. "उद्या काय सांगाल?"

"उद्या जे खरं कळेल ते," बाबा म्हणाले.

गायकवाड काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात पेला होता. त्यांनी पत्रक वाचलं आणि पेला हळूच मागे धरला. काकांनी आमचं पहिलं पत्रक वाचून रक्तदाबाची गोळी बंद केली होती. त्यांच्या बायकोनं आतून ऐकलं आणि बाहेर येऊन काकांना आणि बाबांना, दोघांनाही फैलावर घेतलं. "मी रोज सांगत होते, गोळी सोडू नका! पण माझं कोण ऐकतं? छापून आलं की ऐकतात!"

"वहिनी, हेही छापूनच आणलंय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फार खाली गेला होता. गायकवाड काका दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन आले. काही बिघडलं नव्हतं. बिघडू शकलं असतं, हे मात्र बाबा विसरलेले नाहीत. मीही नाही. मीही वाटलं होतं ना ते पत्रक.

आत्यानं फोनवर आधी भांडून घेतलं. "माझ्या झाडाला नावं ठेवता व्हय रे?" पण तिनं तपासणी केली. आकडा चढा निघाला. आता तीही गोळी घेते आणि पपनसं शेजारणीला देते.

"आत्या, विचारून दे हं. कुणाला गोळी चालू असेल तर?"

"विचारते माय, लय विचारते. त्यांना वाटतंय मी खानेसुमारी करतेय."

या बुद्धपौर्णिमेला आम्ही पुन्हा लेण्यांवर गेलो. गेल्या वर्षी बसले होते त्याच कठड्यावर मी मुद्दाम बसले. छाती शांत होती. खाली बाबा एका मुलाला थांबवून लेण्यांचं खरं नाव सांगत होते आणि आई त्यांची बाही ओढत होती. डोळ्यांच्या कडेचे पिवळे ठिपके तसेच आहेत. असू देत. आकडा खाली आला आहे, दोघांचाही. मी डाळिंब खाते, आवळा खाते, पेरू तर मीठ न लावता खायला शिकले. फळांशी माझं भांडण नाही. फळं खावीत ती फळं म्हणून.

आता तुमच्याकडे वळते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दोन कामं करा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रोज जे पिता, चघळता, चाटता ते सगळं त्यांना सांगा, अगदी आत्याच्या झाडाचं असलं तरी. आणि तुम्ही कधी कुणाला ‘हा रस घे, गोळी लागणार नाही’ असं सांगितलं असेल, प्रेमानं, चांगल्याच हेतूनं, तर फोन करू नका. चप्पल घाला आणि त्याच दारात पुन्हा जा.